खुनाच्या खटल्यातला बचाव: साताऱ्यातल्या नव्या फौजदारी वकिलांसाठी

सनद मिळून वर्ष-दोन वर्षं झालेली असतात. सीनियरच्या हाताखाली किरकोळ मारामारीचे जामीन अर्ज लिहून झालेले असतात. मग एक दिवस खुनाची किंवा खुनाच्या प्रयत्नाची फाइल टेबलावर येते. आपल्या सातारा जिल्ह्यात अशा गुन्ह्याच्या मागे पुष्कळदा बांध असतो, पाटाचं पाणी असतं, वाटणी असते, नाहीतर यात्रेतली जुनी खुन्नस असते. आरोपी, मयत आणि साक्षीदार एकाच आळीतले असतात, त्यामुळे कागदावर जे येतं त्यात गावाचं राजकारण मिसळलेलं असतं. हा लेख त्या पहिल्या फाइलसाठी आहे.

माझं एक ठाम मत आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अशा खटल्याचं भवितव्य पहिल्या महिनाभरात कोणी काय जपून ठेवलं आणि दोषारोपपत्र कोणी किती बारकाईने वाचलं यावर ठरतं. कोर्टातला आवाज, इंग्रजी, वक्तृत्व हे सगळं त्यानंतरचं.

वकीलपत्र घेण्याआधी

गावात कोणी म्हणेल, ‘असल्या माणसाची केस घेतलीत?’ त्याचं उत्तर बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत आहे. आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल वकिलाचं स्वतःचं मत काहीही असो, त्याचा बचाव करणं हे वकिलाचं कर्तव्य आहे. वकील संघटनांनी ‘या आरोपीचं वकीलपत्र कोणी घेऊ नये’ असे ठराव करणं बेकायदा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ए. एस. मोहम्मद रफी खटल्यात स्पष्ट केलं. मयताच्या घरच्यांचं दुःख खरं असतं आणि त्याचा मान ठेवूनच हे काम करायचं असतं. पण ज्याच्यावर जन्मठेपेची किंवा फाशीची टांगती तलवार आहे, त्याच्या बाजूने पुरावा तपासणारा एक तरी माणूस कोर्टात उभा असलाच पाहिजे.

कोठडीत असलेल्या कोणालाही, त्याचं उत्पन्न कितीही असलं तरी, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो. हे आरोपीच्या घरच्यांना सांगा. जमीन गहाण टाकून फी आणणारी माणसं मी पाहतो, आणि त्यांना हा पर्याय कोणी सांगितलेलाच नसतो. न्यायालय स्वतः ज्यांना नेमतं त्यांच्याबद्दल अनोखीलाल खटल्यात (२०१९) सर्वोच्च न्यायालयाने निकष घातले. जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यात किमान दहा वर्षं वकिली केलेला वकील हवा आणि तयारीला निदान सात दिवस मिळायला हवेत. म्हणजे तुम्ही नवे असाल तर पहिली काही प्रकरणं सीनियरच्या जोडीनेच करा. त्यात कमीपणा नाही.

कायदा कोणता लागू आहे?

बाररूममध्ये अजून सगळे खुनाला ‘तीनशे दोन’ आणि खुनाच्या प्रयत्नाला ‘तीनशे सात’ असंच, जुन्या दंडविधानातल्या कलमांनी बोलतात. पण १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते. खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये, खुनाचा प्रयत्न १०९, सदोष मनुष्यवध (खून न ठरणारा) १०५, समान इरादा ३(५), बेकायदा जमाव आणि समान उद्देश १९०. गुन्हा त्या तारखेच्या आधीचा असेल तर जुनं दंडविधानच लागेल. त्यामुळे अजून बरीच वर्षं दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवावी लागतील. कार्यपद्धतीसाठी नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्यासाठी साक्ष अधिनियम. खाली मी नवी कलमं देतो. खुनाची वरची कलमं सोडून, कायद्याचं नाव नसेल तिथे कलम नागरिक सुरक्षा संहितेचं समजा.

अटक आणि पहिला रिमांड

फोन आला की आधी तीन गोष्टींची वेळ विचारून घ्या: माणसाला घरातून किंवा रानातून उचललं कधी, ठाण्यात आणलं कधी, आणि कागदावर अटक दाखवली कधी. पहिल्या आणि शेवटच्या वेळेत पुष्कळदा अंतर असतं. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणं हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ चं बंधन आहे आणि तास खऱ्या ताब्यापासून मोजायचे असतात. शेजाऱ्यांचे फोन, गावातल्या दुकानाचा कॅमेरा, पोलीस ठाण्यातला कॅमेरा यांवरून ती वेळ सिद्ध होऊ शकते. ठाण्यांत सीसीटीव्ही बसवावेत आणि फुटेज जपावं असा आदेश परमवीर सिंग सैनी खटल्यात (२०२०) झाला आहे. रिमांडच्या दिवशीच ते फुटेज जतन करण्याचा लेखी अर्ज द्या. तोंडी विनंतीचा काही उपयोग नसतो, ती रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, येत नाही.

अटकेची कारणं आरोपीला समजतील अशा भाषेत द्यावी लागतात. विहान कुमार (२०२५) आणि त्यानंतर मिहिर शहा (नोव्हेंबर २०२५) या निकालांनी हे बंधन सर्व गुन्ह्यांसाठी घट्ट केलं आहे, आणि कारणं लेखी असली पाहिजेत. छापील फॉर्मवर फक्त कलमं लिहून सही घेतली असेल तर त्याची प्रत मागा आणि हरकत नोंदवा.

दंडाधिकारी आरोपीला विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ शेजारी पोलीस उभा असताना बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात. त्याआधी दोन मिनिटं आरोपीशी बोलण्याची परवानगी मागा. मार असेल तर ते सांगायची हीच वेळ आहे. वैद्यकीय तपासणीची मागणीही तिथेच करा.

पोलीस कोठडीबाबत नव्या संहितेत मोठा बदल आहे. पूर्वी पहिल्या पंधरा दिवसांतच पोलीस कोठडी मिळे. आता ते पंधरा दिवस तुकड्या-तुकड्यांनी, ज्यात दोषारोपपत्राला नव्वद दिवस मिळतात अशा प्रकरणात पहिल्या साठ दिवसांत, कधीही मागता येतात (कलम १८७). त्यामुळे आरोपी न्यायालयीन कोठडीत गेला म्हणून निर्धास्त राहू नका. प्रत्येक रिमांड अर्ज वाचा. ‘हत्यार हस्तगत करायचे आहे, कपडे जप्त करायचे आहेत, इतर साथीदारांचा शोध घ्यायचा आहे’ ही वाक्यं मागच्या अर्जातून जशीच्या तशी आली आहेत का ते पाहा, आणि कोर्टाला दोन्ही अर्ज शेजारी ठेवून दाखवा.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी: आरोपीचा शाळा सोडल्याचा दाखला मागवा. दिसायला थोराड असलेला मुलगा सतरा वर्षांचा निघतो आणि प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. गुन्ह्याच्या दिवशीचं वय महत्त्वाचं, आजचं नाही.

जे पुसलं जाणार आहे ते आधी धरा

हे काम कोणीच वेळेवर करत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आरोपी म्हणतो, ‘मी त्या रात्री गावात नव्हतोच, पुण्याहून येत होतो.’ मग आनेवाडीचा टोलनाका आहे, फास्टॅगची नोंद आहे, पेट्रोल पंपाचा कॅमेरा आहे, हॉटेलचं यूपीआयने दिलेलं बिल आहे, एसटीचं तिकीट आहे. खासगी कॅमेऱ्यांवर काही दिवसांनी नवं चित्रण जुन्यावर चढतं. मालकाला लेखी पत्र द्या, पोच घ्या, आणि तपासी अंमलदाराला व कोर्टाला अर्ज करा की हे फुटेज ताब्यात घ्यावं. तपासी अंमलदाराने घेतलं नाही तरी अर्ज केल्याची नोंद राहते, आणि उलटतपासात तो अर्ज त्यांच्यासमोर ठेवता येतो. फुटेज स्वतः मोबाइलवर काढून आणून भागत नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात (२०२०) हे ठरलं. तो खटला आपल्याच राज्यातला, निवडणुकीचा होता.

घटनास्थळी स्वतः जा. नकाशावर किंवा फोटोवर भागवू नका. पण साक्षीदारांना भेटू नका, एकटे जाऊ नका, आणि सीनियरला सांगून जा. तिथे पाहायचं काय? साक्षीदार ‘मी माझ्या शेतातून पाहिलं’ म्हणतो. मधे ऊस असेल तर त्या महिन्यात तो किती उंच होता? आदल्या वर्षीची आडसाली लावण असेल तर पावसाळ्याअखेरीला माणूस उभा दिसत नाही. डांबावरचा दिवा आहे का, त्या दिवशी त्या फीडरवर वीज होती का? महावितरणकडे त्याची नोंद मागता येते. तिथी कोणती होती, चंद्र कधी उगवला? पंचनाम्यातली दिशा आणि अंतरं जुळतात का? मी तरी घटनास्थळ न पाहता प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचा उलटतपास घ्यायला उभा राहणार नाही.

आरोपीशी बोलणं

सातारा जिल्हा कारागृहात किंवा कोल्हापूरच्या कळंब्याला भेटीला जाताना वकीलपत्र बरोबर न्या. आरोपीच्या सहीवर कारागृहाचा शिक्का घ्यावा लागतो. पहिल्या भेटीत ‘तू केलंस का?’ हा प्रश्न मी विचारत नाही. त्याऐवजी त्या दिवसाची सकाळ ते रात्र सांगायला लावतो. नात्यांचा तक्ता काढतो: फिर्यादी कोणाचा कोण, पंच कोणाचा कोण, आधीच्या केसेस, दिवाणी दावे, ग्रामपंचायतीची निवडणूक. आरोपीच्या अंगावर जखमा होत्या का, त्या कुठे दाखवल्या, हे आवर्जून विचारतो.

तुमच्यातलं बोलणं साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ प्रमाणे गोपनीय आहे. आरोपीने तुमच्यापाशी कबुली दिली तरी तुम्ही सरकार पक्षाचा पुरावा तपासू शकता, तो अपुरा आहे असं म्हणू शकता. मात्र खोटा साक्षीदार उभा करता येणार नाही, ‘तिथे नव्हतोच’ अशी खोटी अॅलिबी रचता येणार नाही. या बाबतीत सवलत घेऊ नका, कितीही मोठी फी असली तरी.

घरच्यांना बसवून सांगा: साक्षीदारांच्या दारात जायचं नाही, मध्यस्थ पाठवायचा नाही, व्हॉट्सअॅपवर ‘वाघ सुटणार’ असलं स्टेटस ठेवायचं नाही. खून किंवा खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा आपसात मिटत नाही. गावकीने बसून मिटवायचा प्रयत्न केला की जामीन जातो आणि वर नवा गुन्हा दाखल होतो. आणि ‘साहेब, सुटेल ना?’ याला ‘सुटेल’ असं उत्तर कधीही देऊ नका.

जामीन

खुनाच्या प्रकरणात कनिष्ठ न्यायालयाचे हात कलम ४८० ने बरेच बांधलेले आहेत, त्यामुळे अर्ज सत्र न्यायालयात कलम ४८३ खाली जातो. तो फेटाळला तर उच्च न्यायालय. पूर्वी त्यासाठी मुंबईला जावं लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं आणि सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे तिकडे जोडले गेले. आता नवा वकीलही सकाळी निघून सीनियरच्या मागे बसून युक्तिवाद ऐकून संध्याकाळी परत येऊ शकतो. जरूर जा.

अर्जात कायद्याचे उतारे भरण्यापेक्षा आरोपीची भूमिका वेगळी काढा. ‘सर्वांनी लाथाबुक्क्यांनी व काठ्यांनी मारहाण केली’ अशा ढोबळ आरोपात ज्याच्या हातात कोयता दाखवलेला नाही, त्याची बाजू वेगळी मांडता येते. मयताच्या नातेवाइकांना जामिनाच्या वेळी ऐकून घ्यावं लागतं, हे जगजित सिंग विरुद्ध आशिष मिश्रा खटल्यात (२०२२) ठरलं. तेव्हा त्यांचे वकील येणार हे गृहीत धरून तयारी करा. तालुक्यात प्रवेशबंदीची अट येणार असेल तर आरोपी कुठे राहील, तिथला पत्ता आणि नातेवाईक आधीच ठरवून ठेवा. जामीनदाराचा सातारा शहरातला किंवा गावाकडचा सातबारा, ऐपतीचा दाखला, आधार या गोष्टी आदेशानंतर गोळा करायला लागलात तर आरोपी विनाकारण आणखी आठवडाभर आत राहतो.

तारखांची वही ठेवा. ज्या गुन्ह्यात फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते, त्यात नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. पहिल्या रिमांडचा दिवस धरून मोजायचं, हे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या खंडपीठाने कपिल वाधवान प्रकरणात नक्की केलं. एक्याण्णवाव्या दिवशी कोर्ट उघडायच्या वेळी अर्ज हातात असला पाहिजे. तुम्ही दुपारी गेलात आणि दोषारोपपत्र सकाळी दाखल झालं, तर हक्क गेला.

दोषारोपपत्राचं वाचन

माझ्या मते खरी वकिली इथे होते. पहिलं वाचन एका बैठकीत, पेन न घेता. दुसऱ्या वाचनात फक्त वेळा आणि तारखा वेगळ्या कागदावर उतरवा: घटना कधी, पहिला फोन ११२ वर किंवा ठाण्यात कधी, ठाणे दैनंदिनीत नोंद कधी, फिर्याद कधी, दंडाधिकाऱ्यांकडे प्रत कधी पोचली, इन्क्वेस्ट (मृतदेहाचा पंचनामा) कधी, शवविच्छेदन कधी सुरू झालं, प्रत्येक साक्षीदाराचा जबाब कोणत्या तारखेला. हा एक कागद तयार झाला की निम्मी केस समजते. गावातला प्रत्यक्षदर्शी साक्षीदार, जो अंत्यविधीला हजर होता आणि तपासी अंमलदार रोज गावात येत होते, त्याचा जबाब घटनेनंतर बारा दिवसांनी का? इन्क्वेस्ट पंचनाम्यात गुन्हा नंबर आहे का, आरोपींची नावं आहेत का? नसतील आणि फिर्याद त्याआधीची दाखवली असेल, तर फिर्याद मागाहून लिहिली गेली असावी असा प्रश्न उभा राहतो.

दवाखान्याची नोंद हा माझा सगळ्यात आवडता कागद आहे. जखमीला क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात किंवा कराडला नेलं जातं तेव्हा डॉक्टर हकिगत लिहितात. कोणी सांगितली, काय सांगितली. तिथे ‘अनोळखी इसमांकडून मारहाण’ किंवा ‘गाडीवरून पडून’ असं लिहिलेलं असेल आणि दोन तासांनी फिर्यादीत सात जणांची नावं असतील, तर ती नोंद कोर्टात सिद्ध करून घेणं हे तुमचं काम आहे. ती दोषारोपपत्रात नसेल तर मागवा.

मग पंचनामे. मेमोरँडम पंचनाम्यात, म्हणजे वस्तू काढून देण्याआधी लिहिलेल्या पंचनाम्यात, आरोपीचं निवेदन काय लिहिलं आहे ते शब्दशः पाहा. पोलिसांपुढची कबुली ग्राह्य नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकाप्रमाणे फक्त तेवढाच भाग चालतो ज्यामुळे नवी गोष्ट सापडली. १९४७ च्या पुलुकुरी कोट्टय्या निकालापासून हा नियम पक्का आहे. ‘ज्या कोयत्याने मी खून केला तो काढून देतो’ यातलं पहिलं अर्धं वाक्य निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडताना वाचलं जाऊ नये यासाठी तिथल्या तिथे हरकत घ्या. जागा उघडी होती का, सगळ्यांच्या येण्याजाण्याची होती का, पोलिसांना आधीच ठाऊक होती का? पंच याआधीही त्याच ठाण्याच्या केसमध्ये पंच होता का? जप्त हत्यार तिथेच सीलबंद केलं का, लेबलवर पंचांच्या सह्या आहेत का, मुद्देमाल कारकुनाकडे कधी गेलं, प्रयोगशाळेत कधी पोचलं, कोणी नेलं? प्रत्येक हाताची नोंद हवी. मधला एखादा दुवा नसेल तर सीए (रासायनिक विश्लेषक) रिपोर्टमधल्या रक्तगटाचं वजन कमी होतं. मयत आणि आरोपी यांचा रक्तगट एकच असेल तर आणखीनच.

ओळख परेड असेल तर आरोपीला ठाण्यापासून परेडपर्यंत बापर्दा (चेहरा झाकून) ठेवलं होतं का, आणि त्याआधी त्याचा फोटो वर्तमानपत्रात किंवा गावातल्या ग्रुपवर फिरला होता का, हे शोधा.

डॉक्टरांचे कागद

शवविच्छेदन अहवालातला रकाना १७ म्हणजे बाहेरच्या जखमा. प्रत्येक जखमेची जागा, लांबी, प्रकार एका मानवी आकृतीवर स्वतःच्या हाताने काढा आणि प्रत्येक साक्षीदाराने सांगितलेला घाव तिच्यावर मांडून बघा. पाच जणांनी कोयत्याने वार केले असं सांगितलं जातं आणि धारदार जखम एकच निघते, असं होऊ शकतं. पण घाई करू नका. डोक्याच्या कातडीखाली लगेच हाड असल्यामुळे काठीने झालेली जखमही धारदार शस्त्रासारखी दिसू शकते, आणि कोयत्याची उलटी बाजू बोथट असते. सरकारी वकील हेच डॉक्टरांकडून वदवून घेतील. एखादं न्यायवैद्यकशास्त्राचं पुस्तक घेऊन आठवडाभर वाचा आणि शक्य असेल तर एखाद्या डॉक्टरांशी बोलून मगच उभे राहा. रकाना २१ मध्ये पोटातल्या अन्नाची नोंद असते. शेवटचं जेवण कधी झालं हे साक्षीतून येत असेल तर मृत्यूच्या वेळेशी ताडून बघता येतं, पण त्यावरून मिनिटांचा हिशेब मांडू नका. पचनाचा वेग माणसागणिक बदलतो.

जळालेल्या व्यक्तीचा मृत्यूपूर्व जबाब असेल तर फार काळजीने हाताळा. डॉक्टरांचा शेरा नाही एवढ्यावर तो पडत नाही, हे लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००२) या निकालात घटनापीठाने सांगितलं आहे. एकापेक्षा जास्त जबाब असतील तर त्यांतला फरक, जबाब घेताना जवळ कोण नातेवाईक होते, भाषा कोणाची आहे, हे पाहायचं.

आरोप निश्चितीच्या वेळी

प्रकरण सत्र न्यायालयाकडे वर्ग झाल्यापासून साठ दिवसांत दोषमुक्तीचा अर्ज करता येतो (कलम २५०). प्रत्येक केसमध्ये तो करू नका. सरकार पक्षाला आपली उणीव आधीच कळते. ज्याचं नाव फक्त सहआरोपीच्या कबुलीत आलंय, त्याच्यासाठी मात्र जरूर करा.

क्रॉस केस, म्हणजे त्याच घटनेची समोरच्या बाजूविरुद्धची केस, आहे का ते इथे तपासा. बांधावरच्या मारामारीत दोन्हीकडचे जखमी असतात. दोन्ही खटले एकाच न्यायाधीशांनी लागोपाठ चालवावेत असा दंडक आहे (नथीलाल खटला), म्हणून तसा अर्ज द्या. आरोपीच्या अंगावरच्या गंभीर जखमांचा खुलासा सरकार पक्षाने दिला नाही तर त्यांची हकिगत संशयास्पद ठरू शकते.

उलटतपास

आधी ठरवा की तुमचा बचाव काय. ‘तिथे नव्हतोच’, ‘होतो पण मी मारलं नाही’, ‘स्वसंरक्षणात मारलं’, ‘अचानक भांडणात झालं, खुनाचा इरादा नव्हता’. यातला एकच धरा. चारही एकत्र चालवले की एकावरही न्यायाधीशांचा विश्वास बसत नाही. आणि सूचना देताना, म्हणजे आपली बाजू प्रश्नाच्या रूपात साक्षीदारापुढे मांडताना, जपून. बचाव पक्षाच्या वकिलाने साक्षीदाराला केलेल्या सूचना आरोपीविरुद्ध वापरल्या जाऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने बाळू सुदाम खळदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२०२३) या निकालात म्हटलं आहे. ‘मयताने आधी शिवीगाळ केली म्हणून भांडण झालं’ अशी सूचना केलीत तर आरोपी तिथे होता हे तुम्हीच मान्य केलंत.

वगळणूक, म्हणजे कोर्टात सांगितलेली पण पोलिसांसमोरच्या जबाबात नसलेली गोष्ट, कशी सिद्ध करायची हे हाताने करून शिकावं लागतं. एक काल्पनिक उदाहरण घ्या. कोर्टात साक्षीदार म्हणतो, ‘आरोपी नंबर तीनने मयताला पाठीमागून धरलं.’ पोलिसांसमोरच्या जबाबात एवढंच आहे की ‘सर्वांनी मारहाण केली’. मग क्रमाने विचारा: पोलिसांनी तुमचा जबाब घेतला, तो तुम्हाला वाचून दाखवला, तो बरोबर असल्याचं तुम्ही सांगितलं. घटनेबद्दल जे महत्त्वाचं होतं ते सगळं तुम्ही सांगितलंत. नंबर तीनने पाठीमागून धरलं हे पोलिसांना सांगितलंत का? तो म्हणेल, ‘सांगितलं, पण का लिहिलं नाही ते सांगता येणार नाही.’ इथे थांबा. पुढचा ‘का’ विचारू नका. आणि तपासी अंमलदार साक्षीला आल्यावर त्यांना विचारायला विसरू नका की साक्षीदाराने ही गोष्ट जबाबात सांगितली नव्हती. ते विचारलं नाही तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. प्रत्यक्ष विसंगती असेल तर जबाबातला तो नेमका भाग साक्षीदाराला दाखवून ‘पोर्शन मार्क ए’ करून घ्या आणि तपासी अंमलदाराकडून सिद्ध करा. कलम १८१ आणि साक्ष अधिनियमाचं १४८ शेजारी ठेवून एकदा वाचा. तहसीलदार सिंग (१९५९) निकालही पूर्ण वाचावा, फक्त शीर्षटीप नको.

साक्षीदार बोलतो एक आणि टंकलेखक लिहितो दुसरं, असंही होतं. न्यायाधीश सांगतात तसं टाइप होतं, त्यामुळे पडद्याकडे किंवा कागदाकडे लक्ष ठेवा. ‘हे म्हणणे बरोबर आहे की’ आणि ‘हे म्हणणे खोटे आहे की’ यांतल्या एका शब्दाने साक्षीचा अर्थ उलटतो. चूक दिसली तर तिथेच नम्रपणे सांगा, सही झाल्यावर नाही.

मयताची आई किंवा पत्नी पिंजऱ्यात आली की आवाज खाली ठेवा. तिला रडवणारे प्रश्न विचारून काही मिळत नाही आणि तसं करणं बरोबरही नाही. हवी असलेली दोन-तीन उत्तरं शांतपणे घ्या आणि बसा. काही साक्षीदारांना ‘उलटतपास नाही’ म्हणणं हाच सर्वांत चांगला उलटतपास असतो. साक्षीदार फितूर झाला म्हणून आनंदून जाऊ नका. त्याच्या साक्षीतला विश्वासार्ह भाग कोर्ट तरीही वापरू शकतं.

आरोपीचा खुलासा

साक्षी संपल्यावर कलम ३५१ खाली न्यायाधीश आरोपीला प्रश्न विचारतात. ‘खोटे आहे’, ‘माहीत नाही’ एवढीच उत्तरं देण्याची रीत पडली आहे आणि ती घातक आहे, विशेषतः मृत्यू घराच्या चार भिंतींत झाला असेल तेव्हा. त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००६) या निकालाने सांगितलं की अशा वेळी घरात असलेल्या माणसाने खुलासा द्यायला हवा. गप्प राहणं किंवा खोटा खुलासा देणं हा परिस्थितीजन्य साखळीतला आणखी एक दुवा ठरतो. आरोपीला प्रश्न आधी समजावून सांगा, लेखी जबाब दाखल करा. उत्तरं त्याचीच असू द्या.

युक्तिवाद, शिक्षा, अपील

प्रत्यक्षदर्शी नसेल तर शरद बिरदीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८४) या निकालातली पाच तत्त्वं घ्या आणि सरकार पक्षाची प्रत्येक परिस्थिती एकेक करून त्यांवर तपासा. लेखी युक्तिवाद द्या, प्रत्येक मुद्द्यापुढे निशाणी आणि परिच्छेद नंबर लिहून. सुटका शक्य वाटत नसेल तर इरादा आणि अचानक भांडण यांचा युक्तिवाद करायला लाजू नका. कलम १०३ ऐवजी १०५ लागलं तर माणसाच्या आयुष्यातली कितीतरी वर्षं वाचतात.

दोषी ठरल्यावर शिक्षेबाबत बोलायला न्यायाधीश वेळ देतात. ‘आरोपी तरुण आहे, आई म्हातारी आहे’ एवढं बोलून बसू नका. कारागृहातलं वर्तन, शिक्षण, आजारपण, घरातली परिस्थिती यांचे कागद आधीच तयार ठेवा आणि गरज पडली तर वेळ मागून घ्या.

निकालाची नक्कल त्याच दिवशी मागवा. दोषी ठरलेल्या आरोपीला ती विनामूल्य मिळते. उच्च न्यायालयात अपिलाची मुदत साठ दिवसांची आहे, फाशीच्या शिक्षेत तीस. अपिलाबरोबरच कलम ४३० खाली शिक्षा स्थगितीचा अर्ज जोडा. रोजनाम्यांच्या प्रती, तुम्ही दिलेले सगळे अर्ज आणि त्यांवरचे आदेश, हरकती, घटनास्थळाचा तुमचा नकाशा आणि वेळांचा तो कागद, हे सगळं एका फाइलमध्ये लावून कोल्हापूरला अपील चालवणाऱ्या वकिलांच्या हातात स्वतः नेऊन द्या.